डिंफनाबाईंची मूठ

डिंफनाबाई आपल्या पोटच्या पोरीला मूठ दाखवतात, ही गोष्ट शोभनाताईंच्या गळी काही केल्या उतरत नव्हती. जिने उभ्या जन्मात कुणावर आवाज चढवला नाही, ती बाई अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, अर्धं अंग लुळं पडल्यावर, खिडकीच्या काचेमागून मुलीवर मूठ उगारेल? पण नर्सिंग होममधले सगळे तेच सांगत होते, आणि सांगणारी माणसं काही वाईट नव्हती. अंधारायला लागलं की त्या बिथरतात, डावा हात सारखा वर-खाली करतात, अंगठा खाली करून 'नको'ची खूण करतात आणि शेवटी मूठ आवळून दाखवतात. घास भरवायला जावं तर चमचा उडवून लावतात. शुक्रवारी संध्याकाळी डॉक्टर फेरीला येणार होते, आणि मुलीने होकार दिला की त्याच दिवसापासून बाईंना शांत ठेवण्याचं औषध सुरू व्हायचं होतं.

शांत ठेवणं म्हणजे नेमकं काय, हे शोभनाताईंना लिसीने सांगितलं. लिसी तिथली केरळची नर्स. बाहेरच्या माणसांना आत सोडायचं नाही असा त्या करोनाच्या हिवाळ्यात नियम होता, त्यामुळे भेटायला आलेले बाहेर हिरवळीवर उभे आणि आत पेशंटच्या कानाशी फोन धरून लिसी उभी, असा तो सगळा कारभार. "आंटी, दवा बुरी नहीं है," ती म्हणाली होती. "पर इस एज में एक बार चालू हुई, तो पेशंट सोता ही रहता है. फिर कौन आया, कौन गया, कुछ नहीं."

म्हणजे बाई असणार आणि नसणारही. हे ऐकल्यापासून शोभनाताईंना अन्न गोड लागत नव्हतं.

शोभनाताई मूळच्या मिरजेच्या. मुलींच्या शाळेत गाणं शिकवण्यात त्यांची हयात गेली. यजमान गेल्यावर मुलगी वृंदा त्यांना आयर्लंडला, मेनूथला घेऊन आली. कारण काय, तर नातीला, तन्वीला, मराठी यावं. तन्वीला मराठी समजत होतं, पण उत्तर यायचं ते इंग्रजीत, आणि तेही असल्या हेलात की आजीला दोनदा विचारावं लागे. जावई सारंग भला माणूस, पण दिवसभर कॉम्प्युटरसमोर. बोलायला कुणी नाही म्हणून शोभनाताई रोज गावभर पायपीट करायच्या. अशाच एकदा चर्चवरून जाताना आतून ऑर्गनचा आवाज आला. कुणीतरी एकच ओळ पुन्हा पुन्हा घोटत होतं. घोटणारं माणूस कुठल्याही देशात ओळखू येतं. त्या आत शिरल्या आणि अगदी मागच्या बाकावर बसून राहिल्या.

वाजवणाऱ्या म्हातारीने मागे न बघताच म्हटलं, "तिथे थंडी आहे. पुढे येऊन बसा, हीटर इकडे आहे."

एवढ्यावर मैत्री झाली. मिरजेकडे गाण्यातल्या मोठ्या बाईला बाई म्हणायची रीत, म्हणून डिंफना फॅरेली यांच्या झाल्या डिंफनाबाई. त्यांनाही ते नाव आवडलं असावं, कारण फोनवर "हॅलो, बाई हिअर" म्हणायला लागल्या.

या बाईंचं आयुष्य सांगायचं तर गावाचंच सांगावं लागेल. विशीत त्या चर्चच्या ऑर्गनवर बसल्या आणि मेनूथमधल्या आजोबांच्या, मुलाच्या आणि नातवाच्या, तिघांच्या लग्नात त्यांनीच वाजवलं अशी घरं गावात होती. कुणाच्याही मयताला त्या हजर. शिवाय घराबाहेर न पडू शकणाऱ्या म्हाताऱ्यांना गरम जेवणाचे डबे पोचवायचे, शनिवारी पिवळं जाकीट घालून रस्त्याकडेचा कचरा उचलायचा, शाळेतल्या पोरांचा गायनाचा वर्ग घ्यायचा. त्यातच तीन मुलं वाढवली. कीरन आता पर्थला, मधली नोरीन टोरोंटोला आणि धाकटी ग्रॉन्या इथेच, जवळच्या टॅलाला. नवरा कधीच गेला होता. घराच्या मागच्या दारी मोठं शेत आणि स्वयंपाकघरात कायम तापलेली किटली. त्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर शोभनाताईंनी त्यांना हाताने ताल धरायला शिकवला होता. टाळी कुठे द्यायची, हात उताणा करून खाली कशी दाखवायची, पहिल्या मात्रेला सम का म्हणायचं. दादरा झाला, केरवा झाला. बाई एवढ्या मुरलेल्या, पण या बाबतीत नव्या पोरीसारख्या चुकायच्या आणि चुकलं की चहा सांडेपर्यंत हसायच्या.

मग करोना आला, चर्चला कुलूप लागलं. पानगळीच्या दिवसांत बाईंना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एक शब्द येईना. इस्पितळातून त्यांना थेट कालव्यापलीकडच्या नर्सिंग होममध्ये हलवलं, आणि तिथल्या कागदांवर सही ग्रॉन्याने केली, कारण तीच एकटी इथे होती.

शोभनाताई एरवी दुपारी जायच्या. काचेला मास्क लावलेलं तोंड टेकवून फोनवरून गावातल्या बातम्या सांगायच्या, एखादी बंदिश गुणगुणायच्या. बाई ऐकायच्या, डोळे मिटायच्या, हात जागचा हलायचा नाही. त्या बुधवारी मात्र वृंदाची मीटिंग लांबली, तन्वीची ऑनलाइन शाळा संपेना, आणि शोभनाताई कालव्याच्या काठाने निघाल्या तेव्हा उजेड कलला होता. खिडकीशी पोचल्या तर आत दिवे लागलेले. बाईंची नजर यांच्यावर नव्हतीच. ती यांच्या खांद्यावरून मागे, पलीकडच्या रिकाम्या माळाकडे लागली होती. आणि मग डावा हात उठला.

आधी तळवा स्वतःकडे करून हात आडवा धरला. तसाच पुन्हा एकदा धरला. मग पालथा तळवा, पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा. मग मनगटातून लोंबता सोडलेला हात. परत आडवा. मग अंगठा खाली. मग तिरका, उतरणीसारखा. आणि सगळ्यात शेवटी, पोटाशी, मूठ.

लिसी फोनवर कुजबुजली, "देखा आंटी? डेली यही."

हात परत वर गेला आणि सगळं पहिल्यापासून तसंच झालं. शोभनाताईंची बोटं कोटाच्या खिशात आपोआप मोजायला लागली होती. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ. पुन्हा आठ. पुन्हा आठच.

"केरवा," त्या एकदम म्हणाल्या. "अगंबाई, केरवा धरलाय."

खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना आनंदापेक्षा अभिमान जास्त झाला. साठ-पासष्ट वर्षं चर्चची सेवा केलेल्या बाईच्या डोक्यातून सगळं पुसलं गेलं असेल, पण शोभनाने शिकवलेला ताल तेवढा शिल्लक आहे, असं त्यांच्या मनाने घेतलं. वाऱ्यापावसातून त्या घरी आल्या त्या तरंगतच.

वृंदा भांडी लावत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. "आई, तुला मिक्सर लावला तरी ताल ऐकू येतो."

"अगं, मोजून आठ मात्रा होत्या. ज्याचं डोकं गेलंय ते माणूस एवढं नेमकं धरेल का? ते औषध देऊ नका म्हणून सांगायला नको?"

"आणि ग्रॉन्याला काय सांगणारेस? तुझी आई मिरजेचा केरवा धरतेय?"

"होय की. तेच सांगणार."

वृंदाने हातातली ताटली खाली ठेवली. "हे बघ, तिघा भावंडांनी बोलून ठरवलंय ते. त्यांच्या घरातली गोष्ट आहे. तुझ्या सांगण्यावरून औषध थांबवलं आणि त्या बाईंचे आणखी हाल झाले, तर? त्या काही खात नाहीयेत म्हणालीस ना तू? मग बोल तुझ्यावर येईल, आई. परक्या गावात राहतोय आपण."

हे बोलणं शोभनाताईंना लागलं, कारण ते खरं होतं. तरी त्यांनी ग्रॉन्याला फोन केलाच. शुक्रवारी डॉक्टरांच्या आधी ये, अंधार पडायच्या आत ये, मला तुला काही दाखवायचंय, एवढंच सांगितलं.

शुक्रवारी ग्रॉन्या आली ती आधीच वैतागून. वाटेत गार्डांनी, म्हणजे तिथल्या पोलिसांनी, गाडी अडवून कुठे निघालात, का निघालात म्हणून विचारलं होतं. पन्नाशी उलटलेली, उंच, आईसारख्याच जाड भुवया. शोभनाताईंपासून चार हात लांब, ओल्या गवतात ती उभी राहिली. भुरभुर पाऊस होता. खिडकीआड बाईंना खुर्चीत बसवलेलं, मागे उशा, आणि शेजारी वाटी-चमचा घेऊन लिसी.

"हे बघा," ग्रॉन्या म्हणाली, "तुम्ही तिच्यासाठी किती करता ते मला माहीत आहे. पण मी कीरनशी बोललेय, नोरीनशी बोललेय. डॉक्टर म्हणतो की ती आतल्या आत त्रास काढतेय. वजन उतरत चाललंय. औषधाने निदान ती जेवेल तरी."

"ती त्रास काढत नाहीये गं. ती ताल धरतेय."

"काय धरतेय?"

"ताल. मीच शिकवलाय तिला. मूठ म्हणता ना तुम्ही, ती मूठ नव्हेच. तो ठेका आहे. तिचं डोकं अगदी ठिकाणावर आहे."

ग्रॉन्या थेट त्यांच्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला आशा म्हणावं की चीड, ते शोभनाताईंना मास्कमुळे कळेना. तेवढ्यात माळावरचा उजेड गेला आणि आत बाईंचा हात उठला.

"आता बघ हं," शोभनाताई म्हणाल्या. त्यांनी लिसीला फोन बाईंच्या जवळ धरायला सांगितलं आणि स्वतःच्या फोनपाशी तोंड नेऊन, एका हाताने मांडीवर टाळी देत, केरवा म्हणायला सुरुवात केली. धा गे ना ती, ना के धी ना.

बाईंचा हात थबकला. त्यांनी शोभनाताईंकडे पाहिलं, मग ग्रॉन्याकडे पाहिलं. हात पुन्हा वर गेला आणि तेच सगळं परत सुरू झालं, पण आता घाईने, आणि शोभनाताईंच्या बोलांशी त्याचा काडीचा मेळ बसेना. खालीच्या जागी खाली नाही. मूठ शेवटच्या मात्रेवर, जिथे सम नसतेच कधी. एक मात्रा लांबलेली, दुसरी तोकडी. शोभनाताईंनी लय कमी केली, मग वाढवली. नेटाने म्हणत राहिल्या. जितक्या त्या म्हणत गेल्या तितक्या बाई कासावीस होत गेल्या. तोंड वाकडं करून घशातून काही आवाज काढला, हाताच्या धक्क्याने वाटी उडाली आणि लापशी लिसीच्या पायावर सांडली. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"बस करा," ग्रॉन्या म्हणाली. "बस करा ते."

लिसीने अर्धा पडदा ओढला. फोनवर तिचा आवाज आला, "आंटी, प्लीज. डॉक्टर आ गए हैं. दो रूम बाकी हैं, फिर यहाँ."

शोभनाताईंनी फोन खाली केला. वृंदा म्हणाली होती तेच झालं होतं. आपला ताल, आपली शिकवणी, आपलं कौतुक, या सगळ्या नादात बाईंना रडवून ठेवलं. त्या म्हणाल्या, "माझं चुकलं. केरवा नाहीये तो. मला वाटलं, मी शिकवलेलं तिला आठवतंय."

"प्रत्येकाला तेच वाटतं," ग्रॉन्या म्हणाली. ती ओरडत नव्हती, पण शब्द एकेक करून फेकल्यासारखे येत होते. "सगळ्या गावाला वाटतं की ती त्यांची. आमच्या घरी फोन वाजला की कुणीतरी मेलेलं असायचं, आणि ती ताट सोडून उठायची. माझ्या शाळेच्या नाटकाला ती नव्हती, दुसऱ्या कुणाच्या मुलीच्या लग्नात वाजवत होती. मी त्यावरून तिच्याशी भांडले आणि गाणं सोडलं. आणि शेवटी तिला इथे आणून टाकणारी कोण? मीच. ती मला मूठ दाखवते यात नवल काय आहे? बरोबरच आहे तिचं."

शोभनाताईंना तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण त्या दिवसांत तेही करता येत नव्हतं. पावसाचे थेंब चष्म्यावर जमले होते. ते पुसत त्या म्हणाल्या, "ताल नसेल. पण राग पण नाहीये तो, ग्रॉन्या. चिडलेलं माणूस रोज एकसारखं चिडत नाही. ही रोज तेच करते, त्याच क्रमाने, एकही खूण इकडची तिकडे होत नाही. हे बघ ना तूच."

आणि त्यांनी करून दाखवलं. खिडकीसमोर उभं राहून शिकलेलं असल्यामुळे बाईंचा डावा तो यांचा उजवा झाला होता, आरशात होतो तसा. उजवा हात पोटापासून उचलून त्या सवयीने मोजत गेल्या. एक, दोन, तीन...

"मोजू नका," ग्रॉन्या म्हणाली.

"अं?"

"मोजू नका. नुसता हात करा. सावकाश. पहिल्यापासून."

तिच्या आवाजात काहीतरी वेगळं होतं. शोभनाताईंनी तोंड मिटलं आणि नुसता हात केला. आडवा, तळवा आपल्याकडे. पुन्हा आडवा. पालथा. लोंबता. आडवा. अंगठा खाली. तिरका. मूठ.

ग्रॉन्याचा मास्क हलला. आधी आवाज आलाच नाही, मग एक बारीक, गंजलेला सूर आला. शोभनाताईंनी दुसऱ्यांदा हात केला तेव्हा ती त्यांच्या प्रत्येक खुणेवर एकेक सूर ठेवत गेली. पंचमावर दोनदा, मग गंधार, मग धैवतावर जाऊन पुन्हा पंचम, आणि तिथून मध्यम, रिषभ करत खाली षड्जावर. मूठ म्हणजे षड्ज. ज्याला शोभनाताई मात्रा समजून मोजत बसल्या होत्या ते स्वर होते. बाईंनी ताल नव्हता धरला, बाई हाताने गात होत्या.

"शाळेतल्या मुलांना ती असंच शिकवायची," ग्रॉन्या म्हणाली. "तेव्हा पुस्तकं कुठे होती? प्रत्येक सुराला हाताची एक खूण. पण नेहमी उजव्या हाताने. डाव्याने मी कधी पाहिलंच नव्हतं, आणि..." तिने मास्क खाली ओढला आणि बाहीने तोंड पुसलं.

"कुठलं गाणं आहे ते? चर्चमधलं?"

"नाही. गाणंबिणं काही नाही." ती हसायला गेली आणि ते रडणंच झालं. "ते गावात कुणालाच माहीत नाही. ते आमचं आहे, घरातलं. आम्ही मागच्या शेतात लांब खेळायचो. अंधार पडायला लागला की ती मागच्या दारात उभी राहून हे म्हणायची. वारा असला की ऐकू यायचं नाही, मग ती हात उंच करून खुणा करायची. कपाटातून ताटं काढून ठेवलेली असायची. याचा अर्थ एवढाच, की घरात या."

शोभनाताई खिडकीकडे वळल्या. अर्ध्या पडद्याआड बाईंचा हात अजून वर होता. थकला होता, पण थांबत नव्हता. अंधार पडला की बाहेर राहिलेल्या पोरांना आई रोज आत बोलावत होती, आणि सगळी शहाणी माणसं मिळून तिला गप्प करायला निघाली होती. त्यात आपणही मांडीवर केरवा वाजवून भर घातली. शोभनाताईंना स्वतःची इतकी लाज आणि बाईंची इतकी माया एकाच वेळी कधी वाटली नव्हती.

"मग उत्तर दे की तिला," त्या म्हणाल्या. "तुम्ही पोरं काही उत्तर देत होता का?"

"द्यावंच लागायचं. तिला समजायला हवं ना, ऐकलं म्हणून. उत्तर येईपर्यंत ती दारातून हलायची नाही, आणि सगळी आत आल्याशिवाय घास खायची नाही."

"मग कशाची वाट बघतेस?"

आत खोलीचं दार उघडलं. हिरवा एप्रन घातलेला, प्लास्टिकची काच तोंडापुढे घेतलेला डॉक्टर आत आला आणि लिसीशी बोलायला लागला. लिसीने खिडकीकडे बोट केलं. ग्रॉन्या दोन पावलं पुढे सरकली, ती ओल्या काचेला जवळजवळ चिकटलीच. तिने पडदा सारायची खूण केली. मग उजवा हात पोटाशी नेऊन मूठ केली. त्यावरच्या उंचीला पालथा तळवा धरला. त्याच्याही वर, आडवा. सा, ग, प. आणि पंचमावर हात तसाच ठेवून, जिने कित्येक वर्षांत एक ओळ गुणगुणली नव्हती, त्या मुलीने ते तीन सूर मोठ्याने, फाटक्या आवाजात, साऱ्या आवारात ऐकू जातील असे म्हटले.

बाईंचा हात हवेत थांबला.

त्या बराच वेळ मुलीकडे बघत राहिल्या. मग हात हळूहळू खाली आला आणि मांडीवर विसावला. खांदे सैल पडले. डॉक्टर बोलता बोलता खिडकीकडे वळला. लिसी काचेपलीकडून यांच्याकडे बघत होती, काय झालं ते तिला उमगलेलं नव्हतं, पण काहीतरी झालंय हे तिला दिसत होतं.

शोभनाताईंनी श्वास सोडला आणि तेवढ्यात हात पुन्हा उठला. आडवा, पुन्हा आडवा, पालथा.

"आता हे काय?" त्या ग्रॉन्याकडे वळल्या. "तिला कळलं नाही का?"

"कळलंय," ग्रॉन्या डोळे पुसत म्हणाली. "माझं झालं. आता कीरनला बोलावतेय. प्रत्येकाने आपापलं उत्तर द्यायचं असायचं. पर्थला आत्ता मध्यरात्र उलटली असेल, तो झोपलाय." तिने शोभनाताईंकडे पाहिलं. "तुम्ही द्या ना. कीरन व्हा."

सदुसष्ट वर्षांच्या शोभनाताई, मिरजेच्या, काचेसमोर जाऊन उभ्या राहिल्या. आई जाऊन त्यांना चाळीस वर्षं झाली होती आणि तेव्हापासून तिन्हीसांजेला त्यांना कुणी घरात ये म्हणून हाक मारली नव्हती. कसाबसा त्यांनी सूर लावला आणि हात केला. मूठ केली, पालथा तळवा केला आणि पंचमाला हात उंचावून धरला.

बाईंनी भुवया आवळल्या. नाही, नाही अशी मान हलवली. शोभनाताई गोंधळल्या. सूर तर बरोबर होता. बाईंनी डावा हात पुढे केला, शोभनाताईंच्या हाताकडे बोट दाखवलं आणि स्वतःचा तळवा सावकाश आत, छातीकडे वळवला. परत एकदा वळवून दाखवला. शोभनाताईंनी आपल्या हाताकडे पाहिलं. सवयीने तो देवाच्या मूर्तीसारखा, आशीर्वाद दिल्यागत, तळवा बाहेर करून धरला गेला होता. पंचमाची खूण चुकली होती.

त्यांनी तळवा आत वळवला. बाईंनी मान डोलावली. मग त्यांच्या तोंडाची डावी बाजू हलली आणि त्या हसल्या, अगदी त्यांच्या स्वयंपाकघरात हसायच्या तशा, फक्त आवाज नव्हता. समोर उभं आहे तो कीरन नव्हे, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

फोनवर लिसी म्हणाली, "ग्रॉन्या, डॉक्टर औषधाचं विचारतायत. काय सांगू?"

"नको म्हणून सांगा," ग्रॉन्या म्हणाली. "आणि त्यांना जरा बाजूला उभं राहायला सांगा. आई वर्ग घेतेय." मग ती शोभनाताईंना म्हणाली, "अजून नोरीन राहिलीय. तिचं उत्तर मी देते. ती आल्याशिवाय आई जेवायची नाही."